बेसच्या डब्याला टेकलेली पाठ

मला कान आहे, असं आमच्या बेंजो पार्टीत सगळे म्हणतात. कीबोर्डवाल्याचा सूर जरा चुकला, ढोलकी जरा उतरली, की माझं तोंड आपोआप वाकडं होतं. मुरबाडच्या एमआयडीसीत दिवसभर मशीनच्या घरघरीत उभा राहूनसुद्धा आपला कान शाबूत आहे, याचा मला भारी माज होता. होता म्हणतो, कारण माझ्या आईचं काय चाललं होतं ते, ती हाताच्या अंतरावर बसलेली असताना, या कानाला दोन सीझन कळलं नाही.

लग्नसराईत मी बेस वाजवतो. चार जाड तारांची गिटार. हळदीला आलेल्या पाहुण्यांना तिचं काम काय ते कधी उमगत नाही. एक काका दरवर्षी कुठल्या ना कुठल्या मांडवात मला गाठतात. "ही तुजी खरी वाजते का नुसती गळ्यात अडकवलीस रे?" मी सांगतो, काका, ही बंद पडली ना, की तुमचे पाय थांबतील. ते हसतात आणि पुन्हा नाचायला जातात.

आई धवलारीण आहे. आमच्याकडे लग्नाचे विधी धवलारणीच्या गाण्यावर चालतात. मांडवाची मेढ रोवताना, हळद लावताना ती धवला गाते आणि गावदेवापासून घरातल्या गेलेल्या माणसांपर्यंत सगळ्यांना नावानं मांडवात बोलावते. ती एक ओळ म्हणते, मागच्या बायका ती झेलतात, त्यांचं संपलं की ती पुढचं नाव घेते. तिनं बोलावल्याशिवाय घरचे पूर्वज आले असं कुणी मानत नाही. भटजी नंतर येतो आणि सारखं घड्याळ बघतो. आईला कधी कुणी घड्याळ दाखवलं नव्हतं. बेंजो आणि डीजे आले तेव्हापासून मात्र "आजी, आटप गो, पोरं थांबल्यात" सुरू झालं.

एकदा खर्डीकडच्या हळदीत एक पोरगा आईच्या तोंडापुढचा माईक काढून घ्यायला आला आणि माझं डोकं फिरलं. कुणाला न विचारता मी तिच्या धवल्याखाली बेसचा एकच सूर धरला. संथ, एका ठोक्याला एक. पोरगा तिथेच थबकला. हळूहळू मांडव गप झाला, म्हातारी माणसं खुर्च्या ओढत पुढे आली. तेव्हापासून आईचा धवला आणि माझा बेस ही आमच्या पार्टीची खासियत झाली. सगळ्या शहापूर तालुक्यातून बोलावणी यायला लागली, "ती आयलेकाची पार्टी पायजे" म्हणून. आई वरवर म्हणायची, "माज्या गाण्याला तुज्या डब्याची काय गरज नाय." आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीला सगळं रंगवून सांगायची.

डबा म्हणजे बेसचा आवाज जिथून बाहेर येतो तो अँप्लिफायर. गुडघ्याएवढा काळा खोका. पुढे पुढे आई मांडवात त्याला पाठ टेकून बसायला लागली. "कंबर धरते रे. याच्या थरथरीनं बरं वाटतं." म्हातारीला फुकटचं मसाज मशीन मिळालंय, असं मी पार्टीत सांगायचो आणि सगळे खो-खो हसायचे. ती मात्र डब्याला टेकून, डोळे मिटून गायची. तिची एक ओळ कधी पुढेमागे झाली नाही.

आमच्या पार्टीचा मालकच कीबोर्ड वाजवतो. माणूस चांगला, पण तोंड फाटकं. गेल्या दिवाळीनंतर त्यानं मोबाइलवर आमचाच एक व्हिडिओ मला लावून दाखवला. "ऐक! मधेच धाडकन आपटतोस, मधेच गायब. टक टक टक. वाजवतोस का सुतारकाम करतोस?" मला झोंबलं, कारण खरं होतं. माझं बोट जड आहे, तारेवर ते आपटतंच. तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू होतो. त्याच्या आत आवाजात ऊब आणायचीच, असं मी मनाशी पक्कं केलं.

ऊब पाहिजे तर कंप्रेसर पेडल घे, असं इंटरनेटवरचे सगळे जाणते सांगत होते. पायाशी ठेवायची छोटी लोखंडी पेटी असते. गिटारची वायर तिच्यातून डब्यात जाते. जोरात आलेला सूर ती दाबते, हळू आलेला वर उचलते. भातलावणीच्या आधी चिखलावर फळी फिरवली की उंचवटे आणि खड्डे एक होतात, तसं. मी नुसता त्याच नादात. जेवताना व्हिडिओ, कंपनीच्या बसमध्ये व्हिडिओ. परदेशातला कुणी टकल्या दोन पेडलं आलटून पालटून वाजवायचा आणि मी डोळे मिटून फरक ओळखायचो. आई ताट वाढून हाका मारत राहायची, मी कानात इयरफोन खुपसून बसलेला. "बहिरा झालास का रे?" ती म्हणायची. ती मला म्हणायची!

शेवटी कल्याणच्या एका दुकानात दोन पेडलं समोर आली. एकावर बटणांची नुसती म्हशाच्या जत्रेतल्यासारखी गर्दी. दुसऱ्यावर फक्त दोन बटणं. दुकानदारानं दोन्ही जोडून दिली, हेडफोन दिला. जत्रावालं पेडल प्रामाणिक होतं, माझं जड बोट त्यातूनही थोडं ऐकू यायचं. मग दुसरं लावलं आणि अहाहा! गोल, जाड सूर, दुधावरच्या सायीसारखा. बोट तारेला लागलं कधी तेच कळेना.

"याच्यात अटॅकचं बटण नाही हं," दुकानदार म्हणाला. "तार छेडताना पहिला जो ठोका येतो ना, तो हे खाऊन टाकतं. तुम्हाला चालेल का?"

"खाऊ दे," मी म्हणालो. "त्या ठोक्याचाच तर ताप आहे."

मुरबाडच्या एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बसलो. घरी आल्या आल्या आईला दाखवलं. तिनं पेडल उलटंपालटं करून बघितलं. "याच्यानं काय व्हतं?" आवाजाला ऊब येते, मी सांगितलं. "बरं बाबा," ती म्हणाली, "थंडीचे दिवस हायत." आणि हसत हसत आत गेली.

सीझनची पहिली हळद मुरबाड तालुक्यातच होती. घर जुन्या ओळखीचं. नवऱ्यामुलाच्या बापाच्या लग्नातसुद्धा आईच गायली होती. मुलाचे आजोबा त्या पावसाळ्यात गेले होते, नातवाचं लग्न बघायची त्यांची फार इच्छा होती म्हणे. त्यामुळे धवल्यात त्यांचं नाव कधी येतं याकडे सगळ्या घराचं लक्ष. त्यांची बायको तर पुढेच हात जोडून बसली होती.

हळद दिवसाउजेडीच होती. मी पेडल लावलं. पहिल्याच सुराला मालकानं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे पसंत. मग आई येऊन बसली, पाठ डब्याला टेकली, डोळे मिटले. मी सूर धरला. काय आवाज येत होता! मी स्वतःच्याच आवाजावर इतका खूश होतो की आईकडे माझं ध्यानच नव्हतं.

पहिली ओळ ठीक गेली. दुसऱ्या ओळीला बायकांचं झेलून व्हायच्या आतच आईनं पुढचं नाव घेतलं. बायका गडबडल्या. मग आई थांबली, ती जरा जास्तच थांबली. बायका तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तिनं पाठ डब्यावर आणखी घट्ट दाबली. ते मी बघितलं, आणि मला वाटलं, कंबर दुखत असेल. पुन्हा तिनं नाव घेतलं, ते पुन्हा बायकांच्या आवाजात बुडालं. तेच आजोबांचं नाव होतं. त्यांच्या बायकोनं जोडलेले हात तसेच धरून इकडेतिकडे बघितलं, नाव येऊन गेलं की यायचंय ते तिला कळेना. मागे कुणीतरी फिसकन हसलं. एका पोरानं शिट्टी मारली. घरातलाच एक जण पुढे येऊन म्हणाला, "आजी थकली, ऱ्हाऊ द्या आता," आणि त्यानं डीजेवाल्याला हात केला.

आई उठली, पदर सारखा केला आणि मांडवाच्या कडेला जाऊन बसली. तिला कुणी पाणीही विचारलं नाही. मीही नाही.

टेम्पोत सामान चढवताना ती माझ्याजवळ आली. "बाला, आज तू वाजवत का नवतास?"

"वाजवत नव्हतो?" मी उसळलोच. "अगो आये, सगळा मांडव माझ्या आवाजाबद्दल बोलत होता! तुला ऐकू आला नाय?"

ती खाली पडलेल्या वायरचं वेटोळं करायला लागली. त्यानं मला आणखी चेव आला. "घरी एकदा म्हणून बघायला काय होतं? चार माणसांत लाज घालवलीस माझी." असं म्हणालो मी. माझी लाज. ती टेम्पोच्या हौद्यात डब्याशेजारी बसली आणि घर येईपर्यंत बाहेर बघत राहिली. मला वाटलं, चूक कळलेली दिसते.

पुढच्या रविवारी दुपारी मी ओटीवर पेडलची बटणं फिरवत बसलो होतो. आई नेहमीसारखी डब्याला पाठ लावून मोड आलेले वाल सोलत होती. आतून माझ्या बायकोनं हाक मारली, "आई, चहा ठेवू का?" आई वालच सोलत राहिली. बायकोनं पुन्हा हाक मारली नाही. सरळ बाहेर आली, आईच्या समोर उभी राहिली आणि हातानं कप धरल्याची खूण केली. आईनं मान हलवली. दोघींचं ते इतकं सवयीचं होतं की मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

वायर खरखरत होती म्हणून मी पेडल बंद केलं आणि वायर बघायला धवल्याचा तो सूर छेडला. आईचे वाल थांबले. तिचा उजवा हात मांडीवर पडायला लागला, ठोक्याला ठोका. ओठ हलायला लागले. मी पेडल चालू केलं. हात अडखळला, थांबला. बंद केलं. हात पुन्हा पडायला लागला.

मी पुन्हा करून बघितलं. खात्री करायला म्हणून आणखी एकदा. आई माझ्याकडे अर्धी पाठ करून बसलेली, आणि मी पायानं बटण दाबून जन्मदात्या आईला चालू-बंद करत होतो. किती वेळ ते चाललं कुणास ठाऊक. शेवटी तिनं मान वळवली.

"खेळतोस काय रे माज्याशी?"

रागावली असती तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायको दारातच उभी होती. ती म्हणाली, "दोन सीझन झाले. एक कान पार गेलाय, दुसऱ्यानं जवळचं, तोंडासमोरचं तेवढं कळतं. शहापूरला कानाच्या शिबिरात नेऊन मी ऐकायचं मशीन घेऊन दिलं. मांडवात त्याच्यात सगळेच आवाज एकदम घुसतात, म्हणून काढून ठेवलं त्यांनी."

"आणि मला सांगायचं नाय?"

"त्यांनी शपथ घातली होती. बहिऱ्या धवलारणीला कोण बोलवणार? आणि टीव्हीच्या आवाजावरून तुमी रोज त्यांच्यावर खेकसता. सांगायचं तरी कसं?"

खोटं काय होतं त्यात? खेकसतच होतो. "हिला सगळं ऐकू येतं, सोंग करते नुसती," असं मी आईसमोर, तिला ऐकू जाणार नाही हे माहीत नसताना म्हणायचो. आणि स्वतःच्या कानात इयरफोन घालून दोन पेडलांतला केसाएवढा फरक शोधायचो. कान आहे म्हणे मला! जळो तो कान.

आई तोवर पुन्हा वाल सोलायला लागली होती. मी तिच्यासमोर जाऊन बसलो आणि विचारलं, मग मांडवात गातेस कशी. तिनं सहज सांगितलं, भाजी कशी केली ते सांगावं तसं. "बायका काय म्हणतात ते मला कळत नाय आता. पण तुजा ठोका पाठीत येतो. त्यांची ओळ किती ठोक्यांची ते ठावं हाय मला. तेवढं झालं की मी पुढचं नाव घेते. त्या दिवशी पाठीत नुसती गुणगुण, सगळीकडं सारखीच. भरल्या खाचरात चालताना बांध लागंना पायाला, तशी गत झाली."

सगळीकडं सारखीच. तेवढ्यासाठीच तर मी ते पेडल आणलं होतं. तू वाजवत नव्हतास असं ती म्हणाली, ते तिच्यापुरतं अगदी खरं होतं. आणि मी तिलाच विचारलं होतं, तुला ऐकू आला नाय?

मी म्हणालो, आये, चुकलं माझं. "काय?" तिनं विचारलं. मला परत म्हणावं लागलं, मोठ्यानं, शेजारच्या घरापर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं. ती म्हणाली, "ओरडू नको. लोकं आयकतील."

दुसऱ्या सुट्टीला तिला घेऊन कल्याणला गेलो. दुकानदारानं जरा कुरकुर केली, पण पेडल बदलून द्यायला तयार झाला. तिथे लांब केसवाली पोरं गिटारी बघत होती. त्यांच्यामध्ये माझी आई, नऊवारीत, ड्रमवाल्याच्या स्टुलावर, दुकानातल्या एका डब्याला पाठ टेकून बसली. मी ते बटणांच्या जत्रेवालं पेडल जोडलं, अटॅकचं बटण एकेका जागी आणून धवल्याचा सूर वाजवत गेलो. "नाय." पुन्हा फिरवलं. "नाय रे, पाण्यावानी लागतंय." पुन्हा. दुकानदार म्हणाला, अजून मागे घ्या, आधी ठोका जाऊ दे, मग दाबेल. घेतलं. आईचा हात मांडीवर पडला. "हां! हा बघ. हा तुजा." पोरं बघतच राहिली. मी दुकानदाराकडून मार्कर मागून त्या जागेवर पांढरी खूण केली.

साय गेली होती. जड बोट परत ऐकू येत होतं. पहिल्या तालमीलाच मालक म्हणाला, "सुतारकाम पुन्हा चालू?" मी म्हणालो, चालू, आणि आता ते बंद होणार नाही, पटत नसेल तर दुसरा बघ. तो चरफडला, पण दुसरा बघितला नाही. आणि मला काय वाटलं सांगू? वाटलं, सुटलो. आपण निस्तरलं सगळं. मनातल्या मनात स्वतःची पाठसुद्धा थोपटली. माणूस मोठा लबाड असतो.

आईच्या मनात वेगळंच होतं. तिला त्या घरी जायचं होतं. आजोबांचं नाव घ्यायचं राहिलं, एकदा उंबऱ्यात बसून घेते, म्हणाली. मी फोन केला. पलीकडून नवऱ्यामुलाचा बाप नीटच बोलला. "लग्न झालं आता, ऱ्हाऊ दे. आईला म्हणावं आराम कर." मग त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं, तेव्हा त्यांनी दुसऱ्या गावची धवलारीण सांगितली. आईला कळलं. "चांगली गाते ती," एवढंच म्हणाली आणि चुलीकडे गेली. त्या घरात आजोबांना माझ्या आईनं बोलावलं नाही ते नाहीच. त्याला आता कुठल्या पेडलवर बटण नाही.

होळीच्या आधी खर्डीकडची हळद मिळाली. मी डबा ठेवला, खुणेवर बटण आणलं, दोनदा बघून घेतलं. आई बसली, पाठ टेकली. मी सूर धरला, टक, टक, सुतारकाम. तिनं पहिलं नाव घेतलं. बायकांनी झेललं. संपलं, की बरोबर पुढचं. गावदेव आले, कुलदैवत आलं, घरातली गेलेली माणसं एकेक करून आली, एकाचंही नाव दुसऱ्यावर आदळलं नाही. एका म्हातारीनं डोळे पुसले. मालकानं लांबून अंगठा दाखवला. मी खुशीत आईकडे बघितलं.

पूर्वी ती डोळे मिटून गायची. आता पाठ डब्यालाच होती, पण मान अर्धी मागे वळवलेली, आणि डोळे टक्क उघडे, माझ्या उजव्या हाताच्या बोटांवर. सगळा धवला होईपर्यंत तिनं पापणी खाली घेतली नाही. आणि त्यानंतरच्या प्रत्येक मांडवात तेच.

एकदा न राहवून तिला विचारलं. समोर बसून, सावकाश, तिला ओठ दिसतील असं. "आये, ठोका लागतो ना पाठीला?"

"लागतो की. चांगला लागतो."

"मग मान मोडून बघत कशाला बसतेस?"

तिनं माझा हात हातात घेतला, बोटांवरून अंगठा फिरवला. रागबिग काही नव्हता तिच्या तोंडावर.

"बघितलेलं बरं रे, बाला."